बरका की कापा?

स्पेशालिटी कॉफीच्या पाकिटावर पिणाऱ्याच्या उपयोगाची एकच गोष्ट छापलेली असते, ती म्हणजे कॉफी भाजल्याची तारीख. बाकीचं सगळं ललित लेखन. त्यात निसर्गवर्णन असतं, व्यक्तिचित्रण असतं, बऱ्यापैकी अतिशयोक्ती असते, आणि पाव किलोला पाचशे-सहाशे रुपये मोजून बसल्यावर वाचकाला ते आवडूनही घ्यावं लागतं.

नमुन्यादाखल एक पाकीट घेऊ. सर्वांत वर मळ्याचं नाव. त्याखाली समुद्रसपाटीपासूनची उंची. मग वाण: एस. ७९५, सिलेक्शन ९, चंद्रगिरी, कावेरी. मग फळातून बी कसं काढलं आणि कसं वाळवलं त्याची हकीकत: वॉश्ड, नॅचरल, हनी. आणि तळाशी, जिथे बिस्किटांच्या पुड्यावर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' असं लिहितात तिथे, चवीचा तपशील: 'जर्दाळू, ऊस, काळा चहा.' हे शेवटचं आमच्या आईनं चष्मा कपाळावर चढवून पुन्हा एकदा वाचलं आणि विचारलं, "कॉफीला चहाची चव हवी असेल, तर सरळ चहाच का नाही टाकत?"

"आजी, ती नोट आहे," भाचा म्हणाला.

"पाचशेची?" आई म्हणाली.

हा भाचा म्हणजे आमच्या घरातला या विषयाचा अधिकारी पुरुष. राहायला कोथरूडला, काम संगणकाचं, आणि दर पंधरवड्याला नव्या रोस्टरचं, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याचं, पाकीट. त्याच्या स्वयंपाकघरात कणकेचा डबा एक आणि कॉफीचे डबे फळीभर. कुठल्या डब्यात कुणाची कॉफी आहे हे तो झाकण न उघडता सांगतो. कणीक संपली आहे, हे मात्र त्याला बायको सांगते.

आता गंमत अशी, की पाकीट दिल्लीचं असो, जयपूरचं, बेंगळुरूचं की बांद्र्याचं, आतलं बी फिरून फिरून त्याच डोंगरांतलं. चिकमगळूर, कोडगू, सकलेशपूर, बिळिगिरीरंगाचे डोंगर, तमिळनाडूतलं येरकाड, नाहीतर आंध्रातलं अरकू. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाचे सूफी साधू येमेनहून सात बिया दडवून घेऊन आले आणि त्यांनी त्या चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, ही कथा या धंद्यात गणपतीच्या जागी असते. तिच्याशिवाय कुणी शुभारंभ करत नाही. पण सातच्या आठ बिया केल्याचं मी अजून कुठे वाचलेलं नाही. इतर मजकूर पाहता हा संयम उल्लेखनीय आहे.

त्याच बाबाबुडनगिरीच्या परिसरात 'रत्नागिरी' नावाचा एक नावाजलेला मळा आहे. मातब्बर रोस्टर त्याचं बी घेतात आणि पाकिटावर ते नाव ठसठशीत छापतात. दादर-पार्ल्याच्या माणसाच्या हाती हे पाकीट पडलं की तो आधी देठाकडून वास घेतल्यासारखा वास घेतो आणि मग आवाज उतरवून विचारतो, "पेटी कितीला पडली?" त्याला चिकमगळूर समजावून सांगेपर्यंत कॉफी निवते.

मग एकाच मळ्यातलं बी दोन रोस्टरांकडून घेतलं, तर दोन निरनिराळ्या कॉफ्या कशा होतात? सगळा तंटा एका प्रश्नावर आहे: भट्टीतून बी काढायचं कधी?

मुंबईत रोस्टरी बहुधा औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात असते. एका बाजूच्या गाळ्यात प्लॅस्टिकच्या बरण्यांची झाकणं होतात, दुसऱ्या बाजूला लेथ चालू असतं, आणि मधल्या गाळ्यातून पाव भाजल्याचा वास येतो. आत एक फिरतं पिंप. त्याला जाड काचेची खिडकी, आणि बिया बाहेर काढून हुंगायला एक नळीसारखा लांब चमचा. बी आत जातं तेव्हा हिरवट-राखाडी असतं आणि त्याला ओल्या गवताचा वास असतो. मग ते पिवळं पडतं, मग दालचिनीच्या रंगावर येतं. पाऊणशेर फोलपट उडून एका डब्यात जमा होतं. साधारण १९५ ते २०० अंशांच्या दरम्यान पिंपातून तडतड असा आवाज सुरू होतो. बीच्या आत कोंडलेली वाफ वाट काढते आणि बी उलतं. याला रोस्टर 'फर्स्ट क्रॅक' म्हणतात. इथपर्यंत जगातले सगळे रोस्टर सख्खे भाऊ. भाऊबंदकी सुरू होते ती यापुढच्या दोन-तीन मिनिटांत. कुणी तडतड थांबायच्या आतच बी थंड करायच्या थाळ्यात ओततो. कुणी आणखी थोडं धरून ठेवतो. आणि कुणी थेट २२० अंशांच्या पुढचा दुसरा, बारीक चुरचुर आवाज ऐकल्याखेरीज हलत नाही. तोवर बियांवर तेलाची चकाकी आलेली असते आणि शेजारचा झाकणवाला खोकत बाहेर आलेला असतो.

हे सगळं चालू असताना रोस्टर मात्र बियांकडे बघत नाही. तो लॅपटॉपवरच्या दोन रेषांकडे बघतो. एक रेषा बियांच्या तापमानाची, दुसरी ते तापमान किती वेगानं चढतंय त्याची. दुसरी रेषा मध्येच वर उसळली तर त्याचा चेहरा शेअरबाजार कोसळल्यागत होतो. आमची आई दाणे भाजत ठेवून देवघरात जपाला बसते आणि माळ न थांबवता "गॅस बंद करा रे" म्हणते. तिला रेषा लागत नाहीत. हे मी भाच्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "आजीला पुढच्या आठवड्यात तंतोतंत तसेच दाणे भाजता येतील का?" यावर आईचं उत्तर, "तंतोतंत कशाला? मागच्या वेळचे जरा कमीच होते," असं आलं.

तर पहिला पक्ष कच्चटांचा. ते स्वतःला 'लाइट' म्हणवतात. यांचं पंढरपूर उत्तरेला, नॉर्वे-डेन्मार्ककडे. २००४ साली जागतिक बरिस्ता स्पर्धा जिंकलेल्या टिम वेंडेलबू यांनी २००७ मध्ये ऑस्लोत आपली रोस्टरी आणि टीचभर कॅफे काढला, आणि तेव्हापासून जगभरचे पोरगेले रोस्टर तिकडे डोळे लावून असतात. तत्त्वज्ञान असं, की बीमध्ये मातीची, वाणाची, उंचीची म्हणून जी चव असते ती बोलली पाहिजे. भाजणाऱ्याचा हात दिसता कामा नये. भाजणाऱ्यानं फक्त निमित्तमात्र व्हावं. हे ऐकायला फार उदात्त वाटतं. प्यायला आंबट लागतं.

'आंबट' हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायचा नाही. 'ब्राइट' म्हणायचं. फारच आंबट असेल तर 'ज्यूसी'. आणि घशाखाली उतरतच नसेल तर दोष आपला. आपलं पाणी चुकलं, दळण चुकलं, नाहीतर घाई झाली. कारण कच्चटांची कॉफी विकत घेतली म्हणून लगेच पिता येत नाही. भाजल्यावर बियांत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो, तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. जितकं कमी भाजलेलं, तितका तो हट्टी. म्हणून पाकीट आणून दोन-दोन आठवडे नुसतं बघत बसायचं. सहाशे रुपये देऊन उपास.

मग तो दिवस उजाडतो. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा, बगळ्याच्या मानेची किटली, जपानी 'व्ही सिक्स्टी'चा शंकू, त्यात घडी घातलेला कागद. पंधरा ग्रॅम कॉफी, अडीचशे ग्रॅम पाणी. पाणीसुद्धा ग्रॅममध्ये. आधी थोडंसं पाणी घालून अर्धा मिनिट थांबायचं, पूड फुगते, बुडबुडे येतात, याला 'ब्लूम' म्हणतात. मग बारीक धार मधून बाहेर, बाहेरून मध्ये, गोल गोल. भाचा पहिल्यांदा आमच्याकडे हे करत होता, तेव्हा आई काही न बोलता शेजारी येऊन उभी राहिली आणि तिचे हात आपसूक जोडले गेले.

चेष्टा बाजूला ठेवून सांगायचं, तर या पक्षाचा मला एका कारणासाठी आदर आहे. इतकं कमी भाजलं की लपवायला जागा उरत नाही. बी निकस असेल तर पहिल्या घोटाला कळतं. पण आपल्याकडचं पुष्कळसं अरेबिका हजार-तेराशे मीटरवरचं, मोठ्या झाडांच्या दाट सावलीत वाढलेलं. एस. ७९५ हा वाण तर बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातून १९४० च्या दशकात आला तो मुख्यतः तांबेऱ्याशी झुंजायला. त्याचा स्वभाव मुळात सौम्य, थोडा मसालेदार, थोडा गुळचट. त्याला ऑस्लोच्या मापाचा अंगरखा चढवून इथिओपियातल्या दोन हजार मीटरवरच्या बीसारखा चमकायला लावणं, हा मला बळजबरीचा मामला वाटतो. भाचा म्हणतो, "मामा, तुझी जीभ अजून तयार नाही." छप्पन्न वर्षांत झाली नाही, ती आता काय होणार?

दुसरं टोक करपटांचं. यांचा इतिहास मोठा आहे आणि तो सांगायला त्यांना वेळ नसतो, कारण समोर रांग असते. आल्फ्रेड पीट नावाच्या डच गृहस्थानं १९६६ साली कॅलिफोर्नियात बर्कली इथे दुकान काढून अमेरिकनांना गडद भाजलेल्या कॉफीची चटक लावली. १९७१ मध्ये सिएटलला स्टारबक्स काढणारी मंडळी त्याच्याकडूनच शिकली आणि सुरुवातीला बीही त्याच्याकडूनच घ्यायची. तीच परंपरा २०१२ साली टाटांचा हात धरून मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला उतरली. गडद भाजण्याचा मोठा गुण म्हणजे समता. मळा, वाण, उंची हे सगळे भेद त्या आगीत जळून जातात आणि कुलाब्यात जी चव, तीच कोथरूडला मिळते. शिवाय दुधाला न डगमगणारी कॉफी हीच. जिथे दूध नाही म्हटलं तर पाहुण्याला कोरडा निरोप दिल्यासारखं होतं, त्या देशात हा गुण लहान नाही.

याच वंशातली ती इटालियन कॉफी. भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे ७० टक्के रोबस्टा, आणि आपल्या कॉफीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक इटली. म्हणजे कोडगू-वायनाडचं बी बोटीनं तिकडे जातं, एस्प्रेसोच्या मिश्रणात मिसळून काळं होतं, चकचकीत डब्यात बसतं, आणि त्यातलं थोडं 'अस्सल इटालियन' म्हणून आपल्याच मॉलमध्ये परत येतं. माहेरचं कुणी ओळखत नाही.

या दोघांच्या मध्ये खरपूस पक्ष. यांची पाकिटं ओळखायला सोपी. त्यांवर 'चॉकलेट, बदाम, कॅरमल' लिहिलेलं असतं. कच्चट त्यांना भित्रे म्हणतात आणि करपट त्यांना ओळखत नाहीत. पण घरोघरी ताज्या भाजलेल्या कॉफीचं पाकीट पोहोचलं ते मुख्यतः या मधल्या वाटेनं. २०१३ च्या सुमारास दिल्लीत ब्लू टोकाई सुरू झाली. नावातला 'टोकाई' म्हणजे मोराचा पिसारा. मळ्याचं नाव आणि भाजल्याची तारीख छापलेली कॉफी घरपोच मिळू शकते, ही गोष्ट माझ्यासारख्या अनेकांना त्या पाकिटांमुळे कळली. तोवर आपल्या लेखी कॉफी म्हणजे बरणीतली पूड, साखरेबरोबर हात भरून येईपर्यंत फेटायची. माझं स्वतःचं मत याच पक्षाला जातं, आणि ते मी भाच्यासमोर बोलून दाखवत नाही.

इथवर भांडण आगीचं होतं. चौथा पक्ष आला आणि त्यानं सांगितलं, आग सोडा, आंबवण्याचं बोला. हे खरं तर मळ्यातलं काम, पण हल्ली रोस्टर मळेवाल्याच्या खांद्याला खांदा लावून ते करून घेतात. कॉफीची लाल फळं हवाबंद पिंपात कोंडायची आणि दोन-चार दिवस आत काय होतं ते होऊ द्यायचं: हे झालं 'अनएरोबिक'. कुणी त्यात यीस्ट सोडतं. कुणी अननस चिरून घालतं. कुणी जपानी सोया सॉसच्या कामी येणारी कोजी बुरशी लावतं. कुणी हिरवं बी दारूच्या रिकाम्या लाकडी पिंपात झोपवून ठेवतं. या कॉफीचं पाकीट फोडलं की वास आधी शेजाऱ्यांकडे जातो आणि मग शेजारी आपल्याकडे येतात.

असल्याच एका पाकिटावर चवीचा तपशील होता: 'फणस, रम, पिकलेलं केळं.' भाच्यानं तो मोठ्यानं वाचला. आईचं माहेर राजापूरचं. तिनं हातातली परडी खाली ठेवली आणि विचारलं, "बरका की कापा?"

भाच्याकडे उत्तर नव्हतं. पण माणूस प्रामाणिक. पुढच्या वेळी त्या कॅफेत गेला तेव्हा त्यानं काउंटरवरच्या मुलाला हाच प्रश्न विचारला. मुलगा म्हणाला, "सर, ट्रॉपिकल." हे उत्तर घेऊन घरी येण्यात अर्थ नव्हता. शेवटी त्यानं आईलाच एक कप करून दिला. आईनं घोट घेतला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत जिभेवर घोळवला आणि निकाल दिला: "बरका. तोही माजघरात दोन दिवस विसरलेला." भाच्यानं हे वहीत लिहून घेतलं. त्यानंतर ती कॉफी मीही प्यायलो आणि माजघरापर्यंतचा तपशील बरोबर निघाला. अशी कॉफी महिन्यातून एक कप प्यावी. रोज प्यायची तर पोट कोकणातलंच पाहिजे.

आंबवणाऱ्यांना आपण फार नवं करतोय असं वाटतं, पण त्यांचा मूळपुरुष आपल्याच किनाऱ्यावर आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबारची कॉफी युरोपला पोहोचायला महिनेच्या महिने लागत. तेवढ्यात ती समुद्राच्या दमट हवेनं फुगायची, फिकी पडायची, तिचा आंबटपणा जायचा. मग आगबोटी आल्या, प्रवास आटोपशीर झाला आणि युरोपात ताजी कॉफी पोहोचू लागली. गिऱ्हाइकांनी तक्रार केली, की पूर्वीची मजा नाही. तेव्हापासून आजतागायत पश्चिम किनाऱ्यावरच्या मोकळ्या वखारींत पावसाळाभर कॉफी मुद्दाम सादळवली जाते, आणि 'मान्सून्ड मलबार' या नावानं, भौगोलिक मानांकन मिरवत, परदेशी जाते. आमच्याकडे सादळलेले पापड आई परत उन्हात घालते. कुणी जादा भाव देऊन ते घेऊन जाईल, हे तिला अजून पटत नाही.

काही रोस्टर भाजण्यापेक्षा शेतकऱ्यांबरोबरच्या कामासाठी ओळखले जातात. अरकूच्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी २०१७ साली पॅरिसमध्ये स्वतःचं दुकान थाटून बसली. बेंगळुरूची ब्लॅक बाझा एका पक्ष्याचं नाव लावते आणि जंगल राखून कॉफी पिकवणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांबरोबर काम करते. इथे विनोदाला जागा कमी आहे, म्हणून पुढे जातो.

महाराष्ट्रही मागे नाही. बांद्र्याच्या चॅपल रोडवर सबको ही रोस्टरी आहे. तिच्या नावात उपखंडही आहे आणि 'सगळ्यांना'ही. नागपुरात कॉरिडॉर सेव्हन आहे. नागपूरच्या रोस्टरची मला खरोखर काळजी वाटते. बाकीच्या गावांत पाकिटावर 'संत्र्याचा गंध' छापला तरी खपून जातो. नागपुरात गिऱ्हाईक विचारणार, कुठला बहार? आंबिया की मृग? राहिली गोष्ट बी पिकवण्याची, तर त्या बाजूला अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला थोडीफार कॉफी होते. ती ऐकून माहीत असलेले वऱ्हाडी पुष्कळ, प्यायलेले फार थोडे.

हे सगळे पक्ष एकत्र येतात ते 'कपिंग'च्या, म्हणजे चव तपासायच्या, टेबलावर. तिथला नेम कडक: दीडशे मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम कॉफी, चार मिनिटं थांबायचं, मग वरची साय चमच्यानं मोडून नाक जवळ न्यायचं. पुढे चमचाभर कॉफी तोंडात घ्यायची ती सभ्यपणे नाही, तर भुरका मारून, आवाज करून. हवेबरोबर ती टाळूभर उडाली पाहिजे. शंभरपैकी ऐंशी किंवा जास्त गुण पडले तर स्पेशालिटी. आमच्या वेळी पंच्याहत्तरला डिस्टिंक्शन होती. इथे पंच्याहत्तरवाली कॉफी बरणीत जाते. भाच्यानं एकदा हौसेनं मला अशा बैठकीला नेलं. खोलीत गंभीर चेहऱ्यांची सात-आठ शिकलीसवरली माणसं वाकून एकामागून एक भुरके मारत होती. माझ्या वडिलांनी जन्मभर बशीतून असाच चहा प्यायला आणि त्यावरून जन्मभर बोलणी खाल्ली. त्यांना कुणी प्रमाणपत्र दिलं नाही.

या सगळ्या गदारोळात ज्यांना कुणी रोस्टर म्हणत नाही, ते माटुंग्यात बसले आहेत. दक्षिणी वस्तीच्या आधारानं तिथे कॉफी भाजून-दळून देणारी जुनी दुकानं टिकून आहेत. म्हैसूर कन्सर्न्स हे त्यातलं नावाजलेलं. तिथली पद्धत अशी: आपण फुटपाथवर उभं राहायचं. आतला माणूस दोन प्रश्न विचारतो. "प्लांटेशन की पीबेरी?" आणि "चिकोरी?" आपण म्हणायचं, "अर्धं-अर्धं, ऐंशी-वीस." तो मापतो, चक्कीत ओततो, खालून गरम पूड पुडीत येते, पैसे, पुढचा. कुणी कुणाच्या बालपणाची चौकशी करत नाही. ती पुडी घेऊन लोकलमध्ये चढलं की अख्खा डबा एकदा मान वळवून बघतो. चवीचा तपशील छापायची गरज त्यांना पडली नसावी, ती यामुळेच.

याउलट नव्या काउंटरवर पूड मागितली, की पहिला प्रश्न येतो, "सर, ब्रू कशात करणार?" आणि पर्याय वाचून दाखवले जातात: व्ही सिक्स्टी, एरोप्रेस, फ्रेंच प्रेस, मोका पॉट, साउथ इंडियन फिल्टर. प्रत्येकाचं दळण निराळं. मागे एकदा मी आईसाठी घेत होतो, म्हणून खरं ते सांगितलं, "पातेल्यात." मुलगा यंत्राच्या चकतीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं आत जाऊन कुणाला तरी विचारलं. आतून एक दाढीवाला गृहस्थ फक्त मला बघायला बाहेर आला.

ती कॉफी आईनं तिच्या रीतीनं केली. दूध, साखर, उकळी, वेलदोडा आणि वरून सहाणेवर उगाळलेलं जायफळ. वॉश्ड प्रक्रिया, तेराशे मीटर, हलकी भाजणी, पिवळं फूल आणि लिंबाची साल, असं ते बी होतं. आता ते फक्त जायफळ होतं. जायफळापुढे कुठलाही मळा टिकत नाही. भाचा कप हातात धरून खिन्न बसला होता, पण कप रिकामा झाला आणि त्यानं अर्धा आणखी घेतला, हे मी पाहिलं आहे.

हल्ली तो आमच्याकडे पार्ल्यालाच मुक्कामाला आहे, कचेरीचं काम घरून. येताना त्यानं लाह्या फोडायचं विजेचं यंत्र आणि हिरव्या बीची पिशवी आणली. स्वतः भाजल्याशिवाय कॉफी कळत नाही, असा आता नवा सिद्धान्त. पहिला घाणा त्यानं गॅलरीत लावला. कच्चट भाजणी बिनबोभाट पार पडली. फोलपट तेवढं उडून दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पोह्याच्या पापडांवर बसलं. उत्साहाच्या भरात त्यानं पुढचा घाणा दुसऱ्या तडतडीपर्यंत नेला. धूर तिसऱ्या मजल्यावर पोहोचला आणि कुणीतरी अग्निशमन दलाचा नंबर शोधू लागलं.

रविवारी सोसायटीची तातडीची सभा झाली. सेक्रेटरींनी विषय वाचला, भाच्याला बाजू मांडायला सांगितली आणि इथे त्यांचं चुकलं. तो वीस मिनिटं बोलला. शेवटी खजिनदारांनी विचारलं, की धूर कमी आणि कॉफी बरी, असं कुठवर भाजलं तर होतं? नमुन्याचे तीन थर्मास सभेत फिरले. पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी पहिल्या थर्मासातली 'नासली आहे' म्हणून बाजूला ठेवली. तरुण भाडेकरूंना तीच आवडली, पण भाडेकरूंना मत नसतं. बराच खल होऊन ठराव झाला: 'सदस्यांनी व त्यांच्या पाहुण्यांनी गॅलरीत कॉफी फर्स्ट क्रॅकनंतर दीड मिनिटापर्यंतच भाजावी. त्यापुढील भाजणीसाठी समितीची लेखी पूर्वपरवानगी आवश्यक राहील. पापडांच्या दिवसांत भट्टी पूर्ण बंद.'

ठराव बहुमतानं मंजूर. विरोधात एकच मत पडलं, ते आमच्या आईचं. तिला आणखी जराशी भाजलेली हवी होती.